शर्टाच्या घडीतल्या तबकड्या

...तर मेकॅनिकनं कपडे धुण्याच्या मशीनचा मागचा पत्रा काढला, पट्टा काढला, ड्रम उचलून जमिनीवर ठेवला, आणि तरी आवाज थांबेना. काल आपण इथवर आलो होतो. घरघर, खणखण, मधेच कुणीतरी पत्र्यावर नखं ओढावीत तसं काहीतरी. मशीनचा प्लग भिंतीतून काढलेला, अर्धं मशीन फरशीवर पसरलेलं, आणि आवाज चालूच. मेकॅनिकला घाम फुटला. आयुष्यात त्यानं पुष्कळ मशिनी खोलल्या होत्या, पण पोट फाडल्यावरही बोलत राहणारी ही पहिलीच. शेवटी इस्त्रीवाल्या वाफ्यानं मागच्या खोलीत डोकावून पाहिलं, तर तिथे टेबलावर, रेकॉर्ड संपली की सुई आपोआप पहिल्यापासून टेकवणारा रेकॉर्ड प्लेअर फिरत होता. ताईच्या धाकट्या भावाची पहिली रेकॉर्ड. ताईनंच लावली होती, आणि काउंटरवर गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेली ती विसरूनच गेली. मग मशीनच बिघडलं असं समजून मेकॅनिकला बोलावणंही तिनंच धाडलं.

मेकॅनिकनं मशीन परत जोडलं. चार स्क्रू उरले ते ताईच्या हातावर ठेवले आणि जाताना म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे ताई. गाणाऱ्याला एकदा कुणाला तरी दाखवून घ्या."

झालं. त्या दिवसापासून ताईनं भावाची एकही रेकॉर्ड लावली नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

आता ताई म्हणजे कोण, तर लाँड्रीवाली ताई. वयानं तिच्याहून मोठी माणसंही तिला ताईच म्हणतात. बांधा रुंद, आवाज असा की इस्त्रीच्या फुसफुशीतून वाट काढत रस्त्यापलीकडे पोचतो. कॉलर बघून तिला माणसाच्या घरात काय चाललंय ते कळतं, आणि कळलं की ती ते त्यालाच ऐकवते. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, एकाला वाढवलं तेवढं पुरे झालं.

तो एक म्हणजे हाच भाऊ, बारक्या. आई गेली तेव्हा तो अजून रांगत होता. धुतलेल्या चादरींच्या टोपलीत झोपला, साबणाच्या पेटीवर बसून अक्षरं शिकला आणि बघता बघता दाराच्या चौकटीला डोकं लागेल एवढा झाला. पण नाव पडलं बारक्या ते बारक्याच. पुढे तो मोठ्या शहरात जाऊन गायक झाला. गायक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते मात्र पुसून टाका. हा रॉक गातो, आणि त्यातही असा की बाकीचे रॉकवालेसुद्धा याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसतात. एका रेकॉर्डमध्ये तो पाण्याच्या बादलीत तोंड घालून गायलाय. एकीत त्यानं गिटार जिन्यावरून खाली सोडलीय. ती खाली पोचेपर्यंतचा आवाज हे पहिलं गाणं, आणि तीच गिटार धापा टाकत वर नेतानाचा आवाज हे दुसरं. एकीची तर अख्खी एक बाजू मुकी आहे. लोक ती दुकानात परत द्यायला गेले, तर दुकानदार म्हणाला, तेच गाणं आहे, घरी जाऊन नीट ऐका. आणि हा माणूस थकत नाही हो. वर्षाला दोन रेकॉर्डी, कधी तीन, एका वर्षी आजारी पडला होता तेव्हा चार.

आता एवढा ढीग झाल्यावर नव्या माणसानं सुरुवात करायची कुठून? त्याचे चाहते, ती काळ्या शर्टातली पोरंपोरी, लांबून लांबून ताईच्या लाँड्रीवर यायची. सख्खी बहीण आहे, हिला माहीत असणारच. ताई हातातली पँट झटकत सांगायची, "कमी मळकी असेल ती आधी." पोरं एकमेकांकडे बघायची, मान डोलवायची, वा, काय बोलली, म्हणायची आणि तृप्त होऊन जायची. बिचारी ताई कपड्यांचंच बोलत होती. दुसरं काही तिला सुचायचंच नाही.

बारक्या मात्र इमानी. नवी रेकॉर्ड निघाली की पहिली प्रत ताईला. पार्सल पोचलं की चार दिवसांनी त्याचा फोन. ऐकलीस का? ताई म्हणायची, ऐकली रे, छान आहे, जरा मोठ्यानं गात जा. पुढच्या वेळी म्हणायची, छान आहे, जरा हळू गात जा. यातलं एक दर वेळी लागू पडायचं. बारक्या तिकडून म्हणायचा, तुला बरोबर कळतं ताई.

हे असं का करावं लागलं, तर त्याला कारण आहे. बारक्या पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यानं घरात पहिल्यांदा गाऊन दाखवलं. समोर वडील बसलेले. गाणं संपलं, वडिलांनी जोरजोरात टाळ्या वाजवल्या, शाबास म्हणाले, आणि उठताना त्यांच्या कानातून कापसाचा बोळा खाली पडला. दुसरा कानातच होता. बारक्यानं तो बोळा उचलला, त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी घर सोडलं. वडील असेपर्यंत तो त्यांच्याशी कामापलीकडे बोलला नाही. गाणं आवडलं नाही म्हणून त्याला राग नव्हता. नावडणारे त्याला पुष्कळ भेटले, त्यांच्याबरोबर तो हसत जेवला. ऐकलं नाही आणि ऐकल्यासारखं केलं, हे त्याच्या मनातून गेलं नाही. हे ताईनं डोळ्यांनी पाहिलेलं. म्हणून थाप मारली, आणि एकदा मारली की दुसरी मारावीच लागते.

आणि एके दिवशी फोन आला, की बारक्या येतोय. कितीतरी वर्षांनी, महिनाभर राहायला. ताईला आनंदानं खुर्चीत बसवेना. पण पुढचं ऐकलं आणि तिला खरंच खुर्ची लागली. तो म्हणाला, "ताई, सगळे मला विचारतात, तुझं ऐकायला कुठून सुरुवात करावी. मला सांगता येत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं ऐकलेलं माणूस मला एकच माहीत आहे. तू विचार करून ठेव. मी आलो की सांग."

फोन ठेवला आणि ताई तडक मागच्या खोलीत गेली. म्हटलं, आता लाज गुंडाळून ठेवावी आणि बसून ऐकावं. इतकी वर्षं आत न बघता ज्यात रेकॉर्डी सारत आली ते कपाट उघडलं. कपाट रिकामं. म्हणजे अगदी रिकामं नाही. खाली एक तुटका हँगर होता.

ताईनं वाफ्याला हाक मारली. वाफ्या लाँड्रीत वडिलांच्या वेळेपासून इस्त्रीला. सगळा वेळ वाफेत उभा, त्यामुळे त्याचा चेहरा पूर्ण असा फार कमी लोकांनी पाहिला आहे. तो म्हणाला, ते पुठ्ठे होय? ते संपले की.

आता हे पुठ्ठ्याचं समजून घ्या. लाँड्रीत शर्टाची घडी घालताना आत जाड पुठ्ठा ठेवतात, म्हणजे शर्ट ताठ राहतो. ताईच्या लाँड्रीची रीत अशी, की गिऱ्हाइकानं पुढच्या खेपेला कपडे टाकताना जुना पुठ्ठा आणि टाचण्या परत आणायच्या. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. पुठ्ठे कमी पडायला लागले, आणि वाफ्याला कपाटात सापडले हे चौकोनी, कडक, एका मापाचे, आणि आत काहीतरी घट्ट गोल घातलेलं, त्यामुळे वाकायचं नाव नाही. त्याला वाटलं ताईनं मुद्दाम भारीतले मागवलेत. एकच गोष्ट होती, की ते नेहमीच्या पुठ्ठ्यापेक्षा रुंद होते. पण त्यामुळे शर्टाची छाती भरदार दिसायची, आणि घरी नेऊन बघणारा माणूस मनातल्या मनात खूश व्हायचा. गिऱ्हाईक वाढलं होतं ते उगाच नाही. ताई श्रेय साबणाला देत होती.

"आणि परत किती आले?" ताईनं विचारलं.

"आता तुम्ही विचारताय म्हणून आठवतं," वाफ्या वाफेतून म्हणाला. "हे कुणीच परत आणले नाहीत."

ताईनं डोकं धरलं, पण फार वेळ नाही. ती विचार करणारी बाई आहे. तिनं हिशेब असा मांडला: रेकॉर्डी गेल्या त्या गल्लीतच गेल्या. ज्यांच्याकडे गेल्या त्यांनी परत केल्या नाहीत, म्हणजे ठेवून घेतल्या. ठेवून घेतल्या म्हणजे ऐकल्या. मग आपण कशाला ऐकायचं? घरोघरी जाऊन विचारून घ्यावं, कोणती चांगली, का चांगली, आणि परीक्षेला बसणाऱ्या पोरांसारखं पाठ करून ठेवावं. बारक्या आला की घडाघडा म्हणून दाखवायचं. तिला स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक वाटलं की तिनं वाफ्याला रागवायचं पुढे ढकललं.

पहिला औषधवाला. त्याच्याकडे होती कुजबुजीची, म्हणजे बारक्या सबंध वेळ कानात काहीतरी सांगितल्यासारखा कुजबुजतो ती. औषधवाला म्हणाला, सुरुवात हिच्यापासूनच. दुकान बंद करायच्या वेळी ही लावली की गप्पा मारत उभे असलेले सगळे आपोआप घरी जातात. पूर्वी दिवे बंद करून बघितले होते, पण त्याचा एवढा उपयोग नव्हता.

दाताच्या डॉक्टरीणबाईंचं मत अगदी उलटं. त्यांच्याकडे होती करवतीची, म्हणजे जिच्यात सबंध वेळ करवत चालते ती. बाई म्हणाल्या, सुरुवात जोरातूनच करावी. ही दवाखान्यात लावली की आपल्या यंत्राचा आवाज कुणाला जाणवत नाही, आणि पेशंट मधेच ओरडला तर बाहेर बसलेल्यांना वाटतं गाण्यातलंच आहे. ताईनं तेही पाठ केलं.

मग जुळ्यांची आई. तिच्याकडे होती एका सुरावर अडकलेली. एकच सूर, सुरू होतो आणि संपतो, मधे काही घडत नाही. जुळी पोरं तेवढ्या एकावर झोपतात. ताईनं नुसतं बघायला म्हणून हात पुढे केला, तर बाई कपाटाच्या आड उभी राहिली आणि शांतपणे म्हणाली, "ताई, हवं तर नवऱ्याला घेऊन जा. हिला हात लावू नका."

असं करत ताईनं सगळी गल्ली पालथी घातली. जो तो म्हणे आमचीपासून सुरू करा. केस कापणारा म्हणे, बादलीतली, गिऱ्हाईक हसतं आणि मान ढिली सोडतं. शिकवणीच्या मास्तरांना मुकी बाजू आली होती, ते तर ती वर्गात लावतात आणि ऐका म्हणतात, पोरं गप्प. ताईच्या डोक्यात कुजबूज आणि करवत, जिना आणि बादली यांचा असा काला झाला की काउंटरवर तिनं एकाची पावती दुसऱ्याला दिली आणि तिसऱ्याला ओरडली.

शेवटचं घर राहिलं ड्रायव्हरकाकूंचं.

काका बस चालवायचे. निवृत्तीच्या समारंभाला घालायचा म्हणून त्यांनी पांढरा शर्ट लाँड्रीत टाकला होता, घडी करून घरी नेला, आणि समारंभाच्या आधीच गेले. झाली त्याला दोनेक वर्षं. ताई दारात गेली खरी, पण विचारायला जीभ रेटेना. तिनं आडून आडून पुठ्ठ्याचा विषय काढला. काकूंनी कपाट उघडलं आणि घडी तशीच बाहेर काढली. टाचण्यासुद्धा जागच्या जागी. छाती भरदार.

ताई म्हणाली, राहू द्या काकू, काही अडत नाही. काकूंनी शर्ट मांडीवर घेतला, इस्त्रीच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"अगं, मला कितीदा वाटलं सोडावी," काकू म्हणाल्या. "पण घातली तशी मला परत घालता यायची नाही. तू घडीवाली आहेस. तू सोड, आणि जाताना होती तशी घालून दे."

ताईनं टाचण्या एकेक करून काढल्या आणि तोंडात धरल्या, धंद्याची सवय. आतून रेकॉर्ड निघाली. काकूंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. काकांचा रेकॉर्ड प्लेअर कोपऱ्यात होताच, फडक्याखाली. त्यांच्या शर्टात होती तर त्यांच्याच मशीनवर वाजू दे, म्हणाल्या, आणि लावली. मग चहा टाकला.

सुरू झाल्या झाल्या ताईला कळलं की हे जमणार नाही. ढोल असा की कपातला चहा हलतोय. एकदा तिनं उठायचा प्रयत्नही केला, पण कप अर्धा भरलेला, शर्ट मांडीवर उघडा, तोंडात टाचण्या, आणि समोर काकू डोळे मिटून बसलेल्या. अशा घरातून मधेच उठून जायला माणूस फार निगरगट्ट असावा लागतो. ताई बसली.

आणि मग त्या धुमश्चक्रीतून बारक्याचा आवाज वर आला. गात नव्हता. बोलत होता. बारक्या, पाय पुसून ये. बारक्या, ते खाली ठेव. बारक्या, मी काय बोलतेय. बारक्या, जेवलास का. एवढीच चार वाक्यं, परत परत. कधी गिटार त्यांच्या अंगावर धावून येई, कधी ढोल त्यांना तुडवून जाई, कधी तो ती किंचाळून म्हणे, कधी पेंगत म्हणे. पाय पुसून ये. ते खाली ठेव. मी काय बोलतेय.

काकूंनी एक डोळा उघडला. त्यांना गाणारा कोण ते माहीत नव्हतं.

"कुणीतरी बाई फार छळत असणार याला," त्या म्हणाल्या.

ताईनं तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या. "छळत नव्हती," ती म्हणाली. "वाढवत होती."

पुढे एकेक वाक्य गळत गेलं. पाय पुसायचं गेलं, खाली ठेवायचं गेलं, ढोलही थकून थांबला, आणि शेवटी नुसतं जेवलास का, जेवलास का, एवढंच उरलं. मोठ्यानं नाही, हळू नाही. सुई आत जाऊन खरखरायला लागली तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. मग ताईनं रेकॉर्ड कव्हरात घातली, कव्हर शर्टात घातलं, घडी होती तशी घातली, टाचण्या होत्या तिथे टोचल्या, आणि घरी आली. वाफ्यानं विचारलं, मिळाली का? ताई म्हणाली, जिथे आहे तिथे असू दे.

बारक्या आला. टक्कल पडलेलं, दाढी पांढरी, खांद्याला पिशवी. दुकानाच्या दारात पायपुसणं होतं. एवढा नावाजलेला माणूस, बाहेर काळे शर्टवाले फोटो काढताहेत, आणि हा खाली बघून आधी उजवा पाय पुसतोय, मग डावा, नीट, घासून. ताईनं काउंटरच्या आतून ते पाहिलं.

पिशवीही खांद्यावरून न काढता तो स्टुलावर बसला आणि म्हणाला, सांग, केलास का विचार? ताईची तयारी पक्की होती. ती म्हणाली, कुजबुजीपासून सुरू करावं. बारक्याचा चेहरा असा उजळला की वाफ्यानं वाफेतून डोकं बाहेर काढलं. का, त्यानं विचारलं. ताईनं औषधवाल्याचं उत्तर जरा इकडचं तिकडे करून सांगितलं, की ते ऐकलं की माणूस आपल्या घरी जातो. बारक्या स्टुलावरून अर्धा उठला. म्हणाला, हे इतक्या वर्षांत कुणी ओळखलं नाही. मला तेच म्हणायचं होतं.

म्हणजे बघा, थाप बसली होती. चपखल बसली होती. ताईनं आणखी एक वाक्य टाकलं असतं की महिनाभर सुखात गेला असता. पण तिची नजर काही त्या पायांवरून हटेना. धुवायला आलेला एक सदरा तिनं समोर ओढला, त्याची बटणं उघडत बसली, आणि सगळं सांगून टाकलं. मशीन खोललं ते. मोठ्यानं गा, हळू गा, ते. पुठ्ठे, औषधवाला, डॉक्टरीणबाई, जुळी, मास्तर. वाफ्या मधेच म्हणाला, चूक माझी आहे, ताईनं त्याला गप्प बस म्हटलं. शेवटी म्हणाली, एवढ्या ढिगातली मी एकच पुरी ऐकली, ती परवा, ड्रायव्हरकाकूंच्या घरी. माझ्या बोलण्याची.

बारक्या उठला. ताईनं सदऱ्यावरून हात काढून घेतले. तो रॅककडे गेला, घरी जायला तयार असलेल्या शर्टांकडे बघत उभा राहिला, एका शर्टाच्या छातीवर बोटानं टकटक केली. आत साधाच पुठ्ठा होता. बाहेर पोरं काचेला नाक लावून बघत होती. मग त्यानं खांद्यावरची पिशवी काढली, काउंटरखाली, लहानपणी दप्तर टाकायचा तिथे, पायानं आत सरकवली आणि स्टुलावर परत बसला.

"ती एक पुरी ऐकलीस ना," तो म्हणाला. "मग तेवढं तरी सांग. बाहेर ती पोरं उभी आहेत. कुठून सुरुवात करा म्हणून सांगू त्यांना?"

ताई म्हणाली, "सांग त्यांना, आधी कुणाच्या तरी घरी जा, चहा घ्या, अर्धा झाला की मग लावायला सांगा, ढिगातली हाताला येईल ती, आणि चहा संपेपर्यंत उठू नका, आणि चहा हळू प्या."